दारूखाना आणि दिवा : खमरियाच्या आयुधपूजेचा इतिहास

जबलपूर शहराच्या पूर्वेला, रांझीच्या बाजूला, खमरियाचा दारूगोळा कारखाना १९४२ साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला. तोफगोळ्यांत आणि हवाई बॉम्बमध्ये स्फोटक भरणे हे त्याचे मुख्य काम. गावाची वस्ती, शाळा, बाजार आणि मंदिरे या कारखान्याच्या आधाराने वाढली. जबलपूरकरांच्या तोंडी त्याचे नाव ‘ओएफके’ असे आहे. त्याआधी, १९०४ साली, याच शहरात तोफांचे गाडे बनवणारा कारखाना आला होता आणि स्वातंत्र्यानंतर लष्करी मोटारींचा कारखाना आला. हत्यार बनवणाऱ्या हातांचे हे शहर आहे, आणि हत्याराची पूजा करणाऱ्यांचेही. आश्विन शुद्ध नवमीला खंडेनवमी, दुसऱ्या दिवशी दसरा आणि त्याआधी १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा, या दिवसांत जबलपूरच्या कारखान्यांतली यंत्रे धुतली-पुसली जातात, त्यांना कुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात.

खमरियात या रिवाजाला एक अडचण आहे, आणि श्रद्धा व बुद्धी यांचा जुना प्रश्न तिथे अगदी हाताला लागतो. पूजेला दिवा लागतो, उदबत्ती लागते, आरतीला कापूर लागतो. दारू भरण्याच्या इमारतीत मात्र आगपेटी नेणे हाच गुन्हा. देवासमोर ज्योत हवी आणि दारूसमोर ज्योत नको, या दोन आज्ञा एकाच माणसाने एकाच आवारात पाळायच्या असतात.

रिवाज कारखान्याहून फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कामे सांगताना आश्विनातल्या नवमीला घोड्यांचे नीराजन करावे, म्हणजे त्यांना ओवाळावे, असा आदेश आहे. कालिदासाच्या रघुवंशात रघू शरद ऋतूत दिग्विजयाला निघतो तेव्हाही घोड्यांचे नीराजन होते. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तिथल्या महानवमीचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. त्यात शृंगारलेले घोडे आहेत, त्यांच्यावर होणारे प्रोक्षण आहे आणि शेवटी राजाने केलेली फौजेची पाहणी आहे. मराठ्यांच्या काळात दसरा हा मोहिमेचा मुहूर्त झाला. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार मिळालेला, खरिपाचे पीक हाताशी आलेले आणि शिलेदार घरून परतण्याच्या बेतात. चार महिने दमट हवेत पडून राहिलेली तलवार नवमीला बाहेर निघे, गंज घासला जाई, धार लागे आणि मग तिची पूजा होई. खांडा म्हणजे तलवार, त्यावरून खंडेनवमी. तलवारी गेल्या तरी दिवस राहिला. सुताराचा वाकस आणि रंधा, शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याचे यंत्र, मुलांची पाटी आणि दाराशी उभी असलेली मोटार यांच्यावर तो येऊन स्थिरावला.

अशा रिवाजाचे समर्थन करताना हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पूजेच्या निमित्ताने हत्यार साफ होते, तेल मिळते, यंत्राला एक दिवस विसावा मिळतो, तेव्हा पूर्वजांनी विज्ञानच धर्माच्या वेष्टनात गुंडाळून दिले होते, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा मात्र पुराव्याशिवाय मारलेली उडी आहे. गंज काढण्यासाठी नवमीची गरज नसते आणि केवळ गंज काढायचा असता तर कुंकवाचीही नसती. पूजा करणाऱ्याच्या मनात देखभालीपलीकडचे काही असते. ज्याच्यावर पोट चालते त्याच्याविषयीची कृतज्ञता असते आणि जे हातात धरले ते आपलाच घात करील ही भीतीही असते. ही भावना विज्ञान म्हणून खपवली की विज्ञानाचाही अपमान होतो आणि श्रद्धेचाही. संतांनी हे अधिक सरळपणे मांडले होते. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, गोरा कुंभार चिखल तुडवताना नामात हरवला, नरहरी सोनाराने आपल्या धंद्याच्या हत्यारांचेच रूपक देवापुढे ठेवले. त्यांच्यापैकी कोणी भाजी चांगली यावी म्हणून अभंग रचला नाही.

दारूच्या बाबतीत मराठी परंपरेजवळ एक फार मोलाचा दाखला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. राजनीतीवरचा हा ग्रंथ देवाधर्माविषयी उदासीन मुळीच नाही. राज्य ईश्वरी कृपेचे फळ आहे, देवस्थाने आणि धर्मकार्ये नीट चालवणे हे राजाचे कर्तव्य आहे, अशी त्याची पक्की धारणा आहे. पण दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याचा विषय निघतो तेव्हा त्याच लेखणीचा सूर बदलतो. दारूचे कोठार घराजवळ नसावे, वस्तीपासून अंतर राखून बांधावे. दारूला ओल लागू नये याची तजवीज असावी. ठरावीक मुदतीने दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावे. कोठारावर रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणी जवळ फिरकू नये, अशा अर्थाच्या सूचना तिथे येतात. त्यात ना मंत्र आहे, ना मुहूर्त, ना कोणत्या देवतेचे रक्षण मागितलेले. अंतर, कोरडेपणा, पहारा आणि नियमित तपासणी एवढाच भरवसा. तीनशे वर्षांपूर्वीच्या या सूचना आजच्या स्फोटकसाठ्याच्या नियमावलीशेजारी ठेवल्या तर त्यांतले तत्त्व जुने झालेले दिसत नाही.

अमात्यांना यात विसंगती वाटली असेल असे ग्रंथात कुठेही जाणवत नाही. राज्य कोणाच्या कृपेने मिळाले हा एक प्रश्न आणि कोठार कशाने उडते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी त्यांनी ठेवले नाही. कौटिल्यातही हीच दोन खाती वेगळी आहेत. घोड्यांना नवमीला ओवाळा असे सांगणारा तोच ग्रंथ सतत नक्षत्रे विचारत बसणाऱ्या माणसाला पोरकट ठरवतो आणि अर्थ त्याला सोडून जातो असे बजावतो. श्रद्धा आणि बुद्धी यांचा मेळ बसतो का, याचे उत्तर तत्त्वज्ञांनी देण्याच्या फार आधी कारभाऱ्यांनी असे व्यवहारात दिले होते.

जबलपूरशी मराठ्यांचा संबंध आला तो याच दारूगोळ्याच्या बळावर. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली पेशव्यांच्या सागर येथील अंमलदारांनी घेतले. शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर जिंकले. पुढे १८६१ पासून मध्य प्रांत आणि नंतर जुना मध्य प्रदेश अशा रचनेत, १९५६ पर्यंत, जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले आणि राजधानी नागपूर होती. जबलपुरातल्या मराठी घरांची मुळे या सलग इतिहासात आहेत.

हत्यारपूजेचा प्रश्न इंग्रजी अमलात याच शहरात एकदा फार गाजला. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम जबलपूरहून चालवली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि त्या आधारे लिहिले, की ठग भवानीचे भक्त असून ते कुदळीची विधिपूर्वक पूजा करतात. कुदळीची ही पूजा साऱ्या इंग्रजी वाचकवर्गाला भयंकर वाटली आणि हिंदी माणसाचा धर्म म्हणजे गुन्ह्याचे उगमस्थान या समजाला तिने बळ दिले. या जबान्या कैदेत, जीव वाचवण्याच्या बदल्यात दिलेल्या होत्या. त्यांच्यावर कितपत विसंबावे याबद्दल आजचे इतिहासकार साशंक आहेत. त्याहून साधी गोष्ट अशी, की कुदळीला हळदकुंकू वाहणारी माणसे त्या काळी जबलपूरच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक खेड्यात होती आणि त्यांतली बहुतेक शेतकरी होती. पूजा गुन्हा करायला लावत नाही आणि गुन्ह्यापासून अडवतही नाही. स्लीमनच्या वाचकांना हे उमजले नाही, कारण स्वतःच्या पलटणींच्या निशाणांना धर्मगुरूकडून आशीर्वाद देववताना त्यांना तोच रिवाज वेगळा दिसत होता.

दारूशी खेळणाऱ्यांची श्रद्धा हा काही हिंदुस्थानचा विशेष नाही. युरोपात तोफची, खाणकामगार आणि सुरुंग लावणारे यांची संरक्षक संत म्हणजे सेंट बार्बरा. तिचा दिवस ४ डिसेंबर. तिच्या आख्यायिकेत तिला मारणाऱ्या बापावर वीज कोसळते, म्हणून अचानक येणाऱ्या आगीपासून ती वाचवते अशी समजूत. जहाजावरच्या दारूकोठीला स्पॅनिश भाषेत तिचेच नाव आहे आणि फ्रेंच नौदलातही ते नाव रूढ होते. १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक पंचांगाची फेरतपासणी केली तेव्हा बार्बरा ऐतिहासिक व्यक्ती होती याचा भरवशाचा पुरावा नाही म्हणून तिचा दिवस वगळला. तोफखान्यांनी आणि खाणकामगारांनी तो पाळणे सोडले नाही. इथे धर्मसंस्थेने पुराव्याचा निकष लावला आणि कामगारांनी सवयीचा. दोघांनाही आपापली कारणे होती.

खमरियातल्या रिवाजात दोन धारा मिसळल्या आहेत. खंडेनवमी मराठी आणि दक्षिणी घरांची. १७ सप्टेंबरची विश्वकर्मापूजा पूर्वेकडची, बंगाल-बिहारच्या कारखान्यांतून आलेली. देशभरच्या आयुध कारखान्यांचे मुख्यालय दीर्घकाळ कोलकात्याला होते, १८०२ साली पहिले उत्पादन काशीपूरच्या कारखान्यात झाले आणि त्याची आठवण म्हणून १८ मार्च हा आयुध निर्माणी दिवस ठरला. बंगाली कारागिरांबरोबर त्यांचा सणही सर्वत्र पोहोचला. तो सूर्याच्या कन्या राशीतल्या प्रवेशावर ठरतो, म्हणून इंग्रजी तारखेशी जवळजवळ पक्का बांधलेला असतो. महाराष्ट्रातले सुतार-पांचाळ मात्र विश्वकर्म्याचा उत्सव माघ शुद्ध त्रयोदशीला करतात. एकाच देवाचे दोन जन्मदिवस पाळणारी माणसे एकाच कारखान्यात येतात आणि त्यावरून भांडण होत नाही, कारण जन्मतारीख हा तिथे दाव्याचा मुद्दाच नसतो.

दारू भरण्याच्या इमारतीची रचना पाहिली म्हणजे प्रश्नाचा गाभा कळतो. अशा इमारती एकमेकींपासून मोजून अंतरावर असतात आणि स्फोटाची लाट आडवी जाऊ नये म्हणून भोवती मातीचे बांध घातलेले असतात. आत एका वेळी किती माणसे आणि किती वजनाचे स्फोटक असावे याची मर्यादा ठरलेली असते. ठिणगी पडू नये म्हणून पितळेसारख्या धातूची हत्यारे, अंगावर सुती कपडे, खिशात काही नाही, हातात धातूचे दागिने नाहीत. आत जाण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. आणि दाराशी एक आडवी पट्टी: अलीकडे बाहेरचे जोडे काढायचे, पलीकडे पाय टाकताना आतले स्वच्छ जोडे घालायचे. बाहेरचा जोडा आत टेकता कामा नये.

मराठी माणसाला ही पट्टी पाहून सोवळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अलीकडचे अशुद्ध, पलीकडचे शुद्ध. वेगळे वस्त्र, वेगळे पादत्राण. ओलांडताना शिवाशीव नको. आकार हुबेहूब तोच आहे. फरक कारणात आहे. जोड्याला चिकटलेला वाळूचा खडा जमिनीवर सांडलेल्या दारूवर घासला तर घर्षणाने ती पेटू शकते, म्हणून ही पट्टी. हे कारण कोणालाही विचारता येते, प्रयोगाने दाखवता येते, चुकीचे निघाले तर नियम बदलता येतो. पट्टीपुढे मुख्य व्यवस्थापक आणि झाडूवाला सारखे असतात. खडा दोघांच्याही जोड्याला लागतो. सोवळ्यात कारण विचारणे हाच अपराध होता आणि काही माणसे जन्मतःच पट्टीअलीकडची ठरवली होती. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करून ज्या रिवाजांवर आघात केला ते असे होते. त्यांचा रोख देव आहे की नाही यापेक्षा, कारण न देता माणसाचे जगणे बांधून टाकणाऱ्या रूढीवर अधिक होता.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने या प्रश्नाला एकच उत्तर दिले नाही. न्यायमूर्ती रानडे आणि १८६७ सालचा प्रार्थना समाज यांना बुद्धीने तपासलेला ईश्वर हवा होता आणि तो मिळतो असा त्यांचा विश्वास होता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्यांनी निर्मिक मानला, पण त्याच्या आणि माणसाच्या मधला दलाल नाकारला. आगरकर अज्ञेयवादाकडे झुकले. पुढे विसाव्या शतकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे निबंध ‘किर्लोस्कर’ मासिकात आले. ते ज्या उद्योगाच्या छापखान्यातून निघत होते त्याची सुरुवातही एका समजुतीशी झगडूनच झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजापायी शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. समज मोडला तो वादविवादाने नाही. शेजारच्या शेतात खोल नांगरट होऊन पीक चांगले आलेले लोकांनी पाहिले तेव्हा. पुढे त्याच लोखंडी नांगरालाही खंडेनवमीला कुंकू लागले. समजूत गेली आणि पूजा राहिली, कारण समजूत जमिनीविषयी काही सांगत होती आणि ते खोटे होते. पूजा जमिनीविषयी काही सांगतच नव्हती.

हा भेद डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामात सर्वांत काटेकोरपणे दिसतो. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाला वा धर्माला विरोध हे आपले धोरण ठेवले नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक परिवर्तनाच्या चळवळींशी नाते, ही तिची चतुःसूत्री. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्याआधी १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले होते. पंडित नेहरूंनी या कल्पनेचा पुरस्कार ज्या ग्रंथात केला तो १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत लिहिलेला.

दारूगोळ्याच्या धंद्यात या भेदाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. खमरियात २०१७ च्या मार्चमध्ये मोठी आग लागून स्फोटांची मालिका झाली. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, कारखान्यातल्या स्फोटात दोन कर्मचाऱ्यांचा जीव गेला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात आठ जण दगावले. अशा प्रसंगानंतर बसणारी चौकशी कोणते द्रव्य होते, किती होते, तापमान काय होते, कोणते हत्यार वापरले, क्रम चुकला का, हे विचारते. नवमीला दिवा लावला होता का, हा प्रश्न तिच्यापुढे येत नाही आणि यायलाही नको. पूजा झाली होती म्हणून दुर्लक्ष क्षम्य ठरत नाही. पूजा राहून गेली म्हणून स्फोट झाला, असे म्हणणे तर जबाबदार माणसाची सुटका करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. दैवाचा कोप हे उत्तर एकदा स्वीकारले की खराब झालेली वाहिनी, वाढवलेला वेग, ओलांडलेली मर्यादा यांची पाहणी कोणी करीत नाही.

पण चौकशीचा अहवाल हाती आला तरी मेलेल्याच्या घरात एक प्रश्न उरतो: आपलाच माणूस त्या पाळीला का होता? पाळीपत्रक त्याचे उत्तर देते, आणि ते उत्तर घरच्यांना पुरत नाही. तेराव्याला, वर्षश्राद्धाला, कबरीवरच्या फातेह्याला, चर्चमधल्या प्रार्थनेला माणसे जातात ती कारण शोधायला नाही. बुद्धीने तिथे दुरुस्ती सुचवण्यासारखे काही नसते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे पट्टीपाशी जोडे बदलतात आणि अंगातली वीज उतरवून आत जातात.

अशा इमारतींच्या आवारात ज्योत नेण्याची परवानगी कोणत्याही सणाला मिळत नाही. फुले, हळदकुंकू आणि नारळ वाहायला ज्योत लागत नाही, आणि जिथे दिवा लागतोच तिथे तो मंदिरात, मंडपात किंवा कचेरीच्या बाजूला, मर्यादेच्या बाहेर लागतो. मराठी कुटुंबांत नवमीची पूजा घरातल्या हत्यारांवर होते: चाकू, विळी, पाने, पेचकस, मुलांची वह्या-पुस्तके. दसऱ्याला आपट्याची पाने वाटली जातात.

देशातल्या सगळ्या आयुध कारखान्यांचे मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित झाले आणि त्यांची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली. खमरिया म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. या कंपनीचे मुख्यालय पुण्याला, जिथल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालत आला आहे. खमरियाचा धागा असा पुन्हा मराठी मुलखाशी जोडला गेला. या सात कंपन्या राष्ट्राला अर्पण करण्याचा समारंभ १५ ऑक्टोबर २०२१ ला ठरवण्यात आला. त्या दिवशी विजयादशमी होती.